इंड एएस आणि आपली कंपनी: अकाउंट्सच्या दारात विचारले जाणारे प्रश्न

गेल्या वर्षभरात अकाउंट्सच्या केबिनबाहेर जेवढी माणसं उभी राहिली तेवढी पगारवाढीच्या वेळीही नव्हती. डिस्पॅचवाले येतात, स्टोअरवाले येतात, व्हेंडर येतात, भागधारक मंडळी फोन करतात. सगळ्यांचं एकच: "हे इंड एएस काय काढलंय तुम्ही?" पहिली गोष्ट, आम्ही काढलेलं नाही. बाकीची उत्तरं खाली आहेत. आपली कंपनी नाशिकच्या अंबडची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी, शेअर बाजारात नोंद नसलेली. उत्तरंही त्याच हिशेबाने वाचावीत. उदाहरणांतले आकडे समजण्यापुरते घेतलेत, आपल्या वह्यांतले नाहीत.

इंड एएस म्हणजे नेमकं काय? आधी काय होतं?

हिशेब कसे लिहायचे आणि ताळेबंदात काय, किती आणि कुठे दाखवायचं याचे नियम म्हणजे लेखामानकं. आपण आजवर जी वापरत होतो ती नुसती 'एएस'. जगात बऱ्याच देशांत आयएफआरएस नावाची मानकं चालतात. आपल्या सरकारने ती जशीच्या तशी न घेता थोडे फेरफार करून घेतली, त्यांचं नाव इंड एएस, म्हणजे इंडियन अकाउंटिंग स्टँडर्ड्स. त्यांचे नियम केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढले. जुनी मानकं रद्द झालेली नाहीत. अंबड, सातपूर, सिन्नरमधल्या बहुतेक कंपन्या आजही त्यांवरच चालतात.

मग आपल्यालाच का? शेजारच्या प्लॉटवाल्यांना का नाही?

नेटवर्थमुळे, म्हणजे ढोबळमानाने कंपनीचं स्वतःचं भांडवल आणि साठलेला नफा. ५०० कोटी किंवा जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून सक्ती झाली. १ एप्रिल २०१७ पासून शेअर बाजारात नोंद असलेल्या सगळ्या कंपन्यांना (एसएमई एक्स्चेंजवरच्या, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या बाजारातल्या, सोडून) आणि नोंद नसलेल्यांपैकी २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थवाल्यांना झाली. बँका आणि विमा कंपन्यांचं खातं वेगळं आहे, बिगर-बँक वित्त कंपन्यांच्या तारखाही वेगळ्या होत्या. आपण ३१ मार्च २०२५ च्या ताळेबंदात २५० कोटींची रेषा ओलांडली. ज्या वर्षाच्या शेवटी रेषा ओलांडली त्याच्या लगेच पुढच्या वर्षापासून नवी मानकं, असा नियम. म्हणून २०२५-२६.

अंबडच्या प्लॉटला आज जो भाव आहे तो धरला म्हणून २५० कोटी झाले का?

नाही. हा प्रश्न तिघांनी विचारला, म्हणून मुद्दाम सांगतो. कायद्यातल्या व्याख्येत नेटवर्थ म्हणजे भरणा झालेलं भागभांडवल, नफ्यातून तयार झालेले रिझर्व्ह आणि शेअर प्रीमियम, त्यातून साठलेला तोटा वगैरे वजा. मालमत्तेची किंमत वाढवून दाखवून तयार केलेला रिझर्व्ह त्यात धरतच नाहीत. प्लॉटचे भाव धरले असते तर निम्मं अंबड एव्हाना इंड एएसमध्ये असतं.

पुढच्या वर्षी तोटा होऊन नेटवर्थ खाली आलं तर जुन्या पद्धतीवर परत जाता येईल का?

नाही. एकदा गेलं की गेलं.

सिन्नरची आपली छोटी कंपनी आहे, तिचा पसारा काय तो! तिलाही?

तिलाही. मूळ कंपनीला इंड एएस लागू झालं की तिच्या उपकंपन्या, संयुक्त कंपन्या आणि सहयोगी कंपन्या सगळ्यांना लागू होतं, त्यांचं स्वतःचं नेटवर्थ दोन कोटी असलं तरी. सिन्नरला अकाउंट्समध्ये दीड माणूस आहे (अर्धा माणूस स्टोअरही बघतो), त्यामुळे तिथलं काम अंबडमधून होणार. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा साधी भागीदारी फर्म असेल तर तिला हे नियम थेट लागत नाहीत, कारण ती कंपनी नव्हे. पण आपल्या एकत्रित ताळेबंदात तिचे आकडे घ्यायचे असतील तर ते इंड एएसप्रमाणे फिरवून घ्यावे लागतात.

नियम २०२५-२६ पासून, मग तुम्ही २०२४ च्या एप्रिलचे कागद का मागता?

सगळ्यांना वाटतं की आम्ही मुद्दाम छळतो. तसं नाही. ताळेबंदात मागच्या वर्षाचे आकडे शेजारी छापतात, आणि तेही नव्या पद्धतीनेच छापायचे असतात. म्हणजे २०२४-२५ चं अख्खं वर्ष नव्याने मांडायचं. आणि ते वर्ष नव्याने मांडायचं तर त्याची सुरुवातीची शिल्लकही नवी हवी. म्हणून १ एप्रिल २०२४ ही आपली संक्रमणाची तारीख. ३१ मार्च २०२६ च्या ताळेबंदात तीन रकाने दिसतील: ३१ मार्च २०२६, ३१ मार्च २०२५ आणि १ एप्रिल २०२४. शिवाय जुन्या पद्धतीचं नेटवर्थ आणि नफा इतका होता, नव्या पद्धतीने इतका झाला, मधला फरक कशाकशाचा, याचा तक्ताही द्यायचा.

गंमत अशी की १ एप्रिल २०२४ ला आपल्याला इंड एएस लागणार हे कुणालाच माहीत नव्हतं. रेषा ओलांडली वर्षभराने. लग्न ठरलं मार्चमध्ये आणि साखरपुड्याचे फोटो आदल्या एप्रिलचे मागतायत, असा तो प्रकार. त्यातही एक पथ्य आहे: त्या तारखेचे अंदाज त्या तारखेला जे माहीत होतं त्यावरच करायचे. अमुक ग्राहक नंतर बुडाला हे आज माहीत आहे म्हणून त्याची तरतूद (पैसे बुडतील या अंदाजाने आधीच खर्चात धरलेली रक्कम) एप्रिल २०२४ मध्ये ढकलता येत नाही.

यामुळे कंपनीकडे पैसे कमी-जास्त होणार का?

नाही. बँकेतली शिल्लक तीच, पगार तेच, व्हेंडरचं पेमेंट तेच. बदलतं ते कोणती गोष्ट कधी आणि कुठे दाखवायची एवढंच. नफा काही वर्षी जास्त दिसेल, काही वर्षी कमी. आणि हे सगळं ठरतं करारांवरून. म्हणून मी वर्षभर कुणाला आकडे मागितले नाहीत, कागद मागितले.

३१ मार्चला बिल झालं, गाडी गेटबाहेर पडली, मग विक्री मार्चची नाही असं का म्हणता?

डिस्पॅचचा हा जुना राग. एका रात्रीचं उदाहरण घेऊ. ३१ मार्च, रात्री पावणेदहा. बिल तयार, ई-वे बिल निघालं, गेट पासवर सही झाली आणि गाडी चाकणला निघाली. बारा वाजता ती असते संगमनेरच्या पुढे चंदनापुरी घाटात. ग्राहकाच्या गेटवर पोचते १ एप्रिलच्या सकाळी, तिथे माल मोजला जातो आणि मग पोच मिळते.

विक्रीचं मानक म्हणजे इंड एएस ११५. त्याचा प्रश्न एकच आहे: मालावरचा ताबा ग्राहकाकडे कधी गेला? आपल्या पीओमध्ये (ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरमध्ये) माल ग्राहकाच्या दारात पोचवायची जबाबदारी आपली लिहिलेली आहे. घाटात गाडी उलटली तर नुकसान आपलं. म्हणजे बारा वाजता माल आपलाच होता, आणि विक्री एप्रिलची. ज्या ग्राहकाच्या पीओत 'एक्स-वर्क्स' आहे, म्हणजे आपल्या गेटवर माल त्याचा, त्याची विक्री मात्र मार्चची. एकाच रात्री दोन गाड्या सुटल्या आणि एकीची विक्री या वर्षात, दुसरीची पुढच्या वर्षात, असं होऊ शकतं.

खरं सांगायचं तर जुन्या मानकातही जोखीम ग्राहकाकडे गेल्याशिवाय विक्री धरायची नव्हतीच. आपण बिलाच्या तारखेवर चालवून नेत होतो. आता वर्षअखेरच्या पाच दिवसांतल्या प्रत्येक गाडीची पोच लागेल. जीएसटी मात्र बिलाप्रमाणे मार्चमध्येच भरायचा, त्यामुळे जीएसटीचा आकडा आणि वहीतला आकडा यांचा मेळ दाखवणारा एक कागद दरवर्षी ठेवावा लागणार.

पोलादाचा भाव मागाहून ठरतो, डेबिट नोट जुलैत येते. त्याचं काय?

जानेवारीपासूनचा फरक जुलैत ठरला तरी त्याचा अंदाज मार्चमध्येच करायचा आणि विक्रीतून वजा किंवा विक्रीत जमा करायचा. जमा करताना हात आखडता घ्यायचा: नंतर उलटवावी लागणार नाही याची दाट शक्यता असेल तेवढीच रक्कम धरायची. उशिराबद्दलचा दंड आणि वर्षाच्या खरेदीवर डीलरला द्यायची सूट यांनाही हाच नियम. सूट आता 'विक्री खर्च' म्हणून खाली दिसणार नाही, वरून विक्रीतूनच वजा होईल. उलाढाल कमी दिसेल, घाबरू नका.

ग्राहकाने डायचे (पार्ट बनवायच्या साच्याचे) पैसे दिले होते. ते उत्पन्न कधी?

या एका प्रश्नाने आमचा अख्खा गेला मे महिना खाल्ला. डाय आपल्या प्रेस शॉपमध्ये पडलेली असते, पैसे ग्राहकाने दिलेले, आणि ती कुणाची हे विचारलं की टूल रूम म्हणते आपली आणि मार्केटिंग म्हणतं त्यांची. आम्ही तीन ग्राहकांचे करार काढले, तीन उत्तरं निघाली.

पहिल्यात डायचं वेगळं बिल आहे, मंजुरीनंतर ती ग्राहकाच्या मालकीची, तो म्हणेल तेव्हा उचलून दुसऱ्या कारखान्यात नेऊ शकतो. ही सरळ विक्री. मंजुरी मिळाली तेव्हा उत्पन्न. दुसऱ्यात पैसे दिलेत खरे, पण डाय आपली, आणि ती रक्कम पुढच्या वर्षांत पुरवायच्या मालासाठी आगाऊ दिल्यासारखी आहे. तिथे आलेले पैसे आधी देणं म्हणून दाखवायचे आणि जसजसे पार्ट जातील तसतसे उत्पन्नात घ्यायचे. तिसऱ्यात ग्राहकाने काहीच दिलं नाही, डायचा खर्च पार्टच्या भावात धरलाय. मग डाय आपली मालमत्ता आणि तिचा घसारा आपला. हे सगळं आजवर एकाच खात्यात 'डाय अ‍ॅडव्हान्स' म्हणून पडलेलं होतं, उणे-अधिक होऊन शिल्लक जेमतेम शून्य. शिल्लक शून्य असलेल्या खात्याकडे कुणी बघत नाही, हा धडा मी घेतला.

विल्होळीच्या गोडाऊनचं भाडं आपण दर महिन्याला भरतो. ते ताळेबंदात कर्ज कसं झालं?

इंड एएस ११६ मुळे. १ एप्रिल २०१९ पासून हे मानक आहे. गोडाऊन पाच वर्षांसाठी घेतलं म्हणजे पाच वर्षं वापरायचा हक्क मिळाला आणि पाच वर्षांचं भाडं द्यायचं बंधनही आलं. हक्क मालमत्तेच्या बाजूला, बंधन देण्याच्या बाजूला.

समजा वर्षाला १२ लाख भाडं, वर्षअखेर द्यायचं, मुदत ५ वर्षं, आणि तेवढ्या मुदतीचं कर्ज आपल्याला ९ टक्क्यांनी मिळतं. पाच वर्षांच्या भाड्याची आजची किंमत येते सुमारे ४६.६८ लाख. एवढी मालमत्ता, एवढंच देणं. मालमत्तेवर दरवर्षी ९.३४ लाख घसारा. देण्यावर पहिल्या वर्षी ४.२० लाख व्याज. म्हणजे नफा-तोटा पत्रकात १२ लाख भाड्याऐवजी १३.५४ लाख खर्च दिसतो. पाचव्या वर्षी व्याज उरतं एक लाखाच्या आत, खर्च १०.३३ लाख. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे ६० लाखच. सुरुवातीला नफा जरा खाली आणि नंतर जरा वर, एवढंच. मात्र भाडं खर्चातून गायब झाल्यामुळे व्याज-घसारा-करपूर्व नफा दरवर्षी १२ लाखांनी फुगतो. एमडी साहेबांना तो आकडा फार आवडला. त्यांना मी दोनदा सांगितलं की धंदा तेवढाच आहे.

गोडाऊनसाठी दिलेली बिनव्याजी अनामत हा आणखी एक उपप्रश्न. १० लाख पाच वर्षांनी परत मिळणार असतील तर त्यांची आजची किंमत साडेसहा लाख धरतात आणि उरलेले साडेतीन लाख आगाऊ भाड्यासारखे वापर-हक्कात जातात. पाच वर्षांत व्याज म्हणून ते परत वाढत वाढत दहा होतात.

सातपूरच्या शेडचा तर ११ महिन्यांचाच करार आहे. बारा महिन्यांच्या आतला करार सुटतो ना?

१२ महिने किंवा कमी मुदतीच्या करारांना सूट आहे, हे बरोबर. आपल्याकडे शेडपासून फ्लॅटपर्यंत सगळं ११ महिन्यांवर चालतं, त्यामुळे सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. पण ती शेड आपल्याकडे आठ वर्षं आहे. त्यात आपण क्रेन बसवलीय, वेगळं वीज कनेक्शन घेतलंय, पेंटिंगची लाइन टाकलीय. उद्या सोडायची म्हटली तर भाड्याच्या दंडापेक्षा हे सगळं उचलायचा खर्च मोठा. करार पुढे चालवणं कुणाच्या हातात आहे आणि सोडलं तर खरंच काय सोसावं लागेल, हे दोन्ही बघून मुदत ठरवायची असते. आम्ही ऑडिटरशी दोन बैठका केल्या आणि शेडची मुदत पाच वर्षं धरली. याउलट मुंबई नाक्याजवळचं गेस्ट हाउस खरंच ११ महिन्यांचं आहे. कधीही सोडू शकतो, काही अडत नाही. ते सुटलं.

मग एमआयडीसीच्या प्लॉटचं? तो तर आपलाच!

आपला नाही, ९५ वर्षांच्या लीजवर आहे. प्रीमियम सुरुवातीलाच भरला, वार्षिक भाडं नाममात्र. त्यामुळे देणं फारसं उभं राहत नाही, पण भरलेला प्रीमियम आता 'जमीन' या ओळीत न बसता वापर-हक्काच्या ओळीत बसतो आणि उरलेल्या वर्षांत वाटला जातो. एवढ्या वर्षांत तो प्लॉट भाड्याचा आहे हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. एका संचालकांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

ज्या ग्राहकांनी आजवर कधीच पैसे बुडवले नाहीत त्यांच्यावरही तरतूद?

हो. जुन्या पद्धतीत पैसे बुडतायत असं दिसलं की तरतूद. इंड एएस १०९ म्हणतं, बुडण्याची वाट बघू नका, अपेक्षित तोटा पहिल्या दिवसापासून धरा. येण्यांसाठी सोपी वाट दिलीय: किती जुनी येणी किती टक्के बुडाली याचा आपलाच मागच्या काही वर्षांचा इतिहास काढायचा, पुढच्या परिस्थितीचा विचार करून टक्के थोडे हलवायचे, आणि तक्ता बनवायचा. समजा मुदत न झालेली येणी ८ कोटी आणि त्यांवर ०.३ टक्के, ९० दिवसांपर्यंत थकलेली २ कोटींवर २ टक्के, १८० पर्यंतची ६० लाखांवर १० टक्के, त्याहून जुनी ४० लाखांवर ३५ टक्के. तरतूद होते २६.४ लाख. यातला निम्म्याहून जास्त भाग त्या शेवटच्या ४० लाखांचा आहे, हे वसुलीवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

ग्राहकाला याचं काही कळवायचं नसतं. एका साहेबांनी मला विचारलं की आता त्या कंपनीला राग येईल का. येणार नाही.

सामूहिक प्रोत्साहन योजनेची सबसिडी कॅपिटल रिझर्व्हमध्ये ठेवली होती. ती हलणार?

हलणार. जुन्या मानकात सबसिडी प्रवर्तकांच्या वर्गणीसारखी असेल तर ती थेट भांडवली रिझर्व्हमध्ये टाकायची सोय होती, आणि राज्य सरकारची मदत मिळालेल्या कितीतरी कारखान्यांनी तसंच केलं. इंड एएस २० मध्ये ती वाट बंद आहे. सरकारने दिलेले पैसे कधी ना कधी उत्पन्नातून गेलेच पाहिजेत; ज्या खर्चासाठी दिले त्याच्या वर्षांत वाटून. मशीनसाठी मिळाली असेल तर मशीनच्या आयुष्यात. म्हणून १ एप्रिल २०२४ ला तो रिझर्व्ह फोडावा लागला: जेवढी वर्षं उलटली त्यांचा भाग साठलेल्या नफ्यात, उरलेल्यांचा 'पुढे ढकललेलं उत्पन्न' म्हणून देण्यांकडे. नेटवर्थ तेवढ्याने कमी दिसलं. यापुढची सबसिडी अटी पूर्ण होतील आणि पैसे येतील याची वाजवी खात्री झाल्यावरच धरायची; नुसता अर्ज करून भागत नाही.

घरातल्यांचे प्रेफरन्स शेअर आणि काकांनी दिलेलं बिनव्याजी कर्ज, हे तर आपलंच भांडवल ना?

मनाने आपलंच. मानकाच्या हिशेबाने नाही. ठरावीक तारखेला परत द्यायचेच असे प्रेफरन्स शेअर इंड एएस ३२ प्रमाणे कर्ज आहेत, आणि त्यांच्यावरचा लाभांश व्याजाच्या ओळीत जातो. नाव शेअर असलं तरी परत द्यायचं बंधन आहे ना, मग देणं.

बिनव्याजी कर्जाचं असं की पाच वर्षांनी परत करायचे १ कोटी म्हणजे ९ टक्क्यांनी आजचे ६५ लाख. मधले ३५ लाख प्रवर्तकाने कंपनीला दिलेली मदत म्हणून भांडवलात जातात आणि पुढची पाच वर्षं ते व्याज म्हणून खर्चात येतात. पण मागतील तेव्हा परत द्यायचं कर्ज असेल तर पूर्ण एक कोटीच दाखवायचे. काकांच्या कर्जाचा कागदच नव्हता. विचारलं तर म्हणाले, "घरात कसला कागद?" म्हणजे मागतील तेव्हा द्यायचं. एवढ्या भानगडीत कागद नसल्याचा फायदा झाला तो हा एकच.

मशीनची किंमत नव्याने ठरवली का?

नाही. पहिल्यांदा इंड एएस घेणाऱ्याला जुन्या वह्यांतली किंमत तशीच पुढे नेण्याची मुभा आहे. ती घेतली. एकेका प्रेसचं मूल्यांकन करायला बसलो असतो तर हे पान लिहायला कुणी उरलं नसतं.

माझ्या कंपनी कर्जाचा हप्ता वाढेल का? ग्रॅच्युइटी कमी होईल का?

दोन्हीला नाही. स्टाफला कमी व्याजाने दिलेल्या कर्जातला सवलतीचा भाग आम्ही आता कर्मचारी खर्च म्हणून वेगळा दाखवतो. तुमचा हप्ता तोच. ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे मिळते, मानकाप्रमाणे नाही. बदल इतकाच की अ‍ॅक्च्युअरीचे (अशा देण्यांचा गणिती अंदाज बांधणाऱ्या तज्ज्ञाचे) अंदाज चुकल्यामुळे होणारा वर-खाली फरक आधी नफ्यात मिसळायचा, तो आता 'इतर सर्वसमावेशक उत्पन्न' नावाच्या वेगळ्या भागात जातो. नफ्याच्या ओळीखाली हा नवा कप्पा दिसेल. नाव भारदस्त आहे. आपल्याकडे त्यात मुख्यतः ग्रॅच्युइटीच आहे.

आयकर वाढणार का?

इंड एएसचा नफा आयकर खात्याला तसाच्या तसा चालत नाही. करासाठी उत्पन्न मोजण्याची १० वेगळी मानकं आहेत, आयसीडीएस म्हणतात त्यांना. अपेक्षित तोट्याची तरतूद तिथे वजा मिळत नाही, गोडाऊनचं खरं भाडं मात्र मिळतं. आपण २२ टक्क्यांच्या दराचा पर्याय घेतलाय, त्यामुळे मॅटचीही (वहीतल्या नफ्यावरच्या किमान कराचीही) भानगड नाही. ज्यांनी तो घेतला नाही त्यांच्यासाठी संक्रमणाच्या तारखेचा फरक पाच वर्षांत समान वाटून मॅटमध्ये धरायची तरतूद केली गेली. वहीतली किंमत आणि कराच्या हिशेबातली किंमत यांतल्या फरकावर डिफर्ड टॅक्स येतो. तो काय असतो हे जेवणाच्या सुट्टीत विचारू नये.

फेअर व्हॅल्यूने (म्हणजे आजच्या बाजारभावाने) फायदा दिसला तर लाभांश जास्त मिळेल का?

भागधारकांचा आवडता प्रश्न. कायद्यात स्पष्ट आहे: न मिळालेला, कागदावरचा फायदा लाभांशासाठी धरायचा नाही.

बँकेला सांगितलं का?

सांगितलं, आणि सगळ्यात आधी. प्रेफरन्स शेअर कर्जात गेले, गोडाऊनचं देणं वाढलं, सबसिडी रिझर्व्हमधून गेली. कर्ज आणि भांडवल यांचं गुणोत्तर काही न करता बिघडलं. मंजुरीपत्रातल्या अटी जुन्या आकड्यांवर बेतलेल्या होत्या. ताळेबंद हातात पडल्यावर बँकेने विचारण्यापेक्षा आपण आधी तक्ता घेऊन गेलेलं बरं. दोन अटींच्या व्याख्या बदलून घेतल्या.

टॅलीत मागच्या तारखेची एंट्री करून टाका ना!

नको. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. २०२४-२५ ची वही ऑडिट होऊन बंद झालीय, ती उघडायची नाही. त्या वर्षांचे फेरफार वेगळ्या एक्सेलमध्ये केलेत, प्रत्येकाला नंबर आणि मागे कागद. रोजच्या एंट्र्या टॅलीत पूर्वीसारख्याच.

पाहुण्यांची दिंडोरीला द्राक्षबागेची कंपनी आहे. त्यांनाही हे सगळं?

२५० कोटी नेटवर्थ नसेल आणि शेअर बाजारात नोंद नसेल तर नाही. शेतकऱ्याला तर मुळीच नाही, हे नियम कंपन्यांचे आहेत. पण आपल्या नाशिकचीच सुला विनयार्ड्स डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली, तशा कंपनीला लागतात, आणि शेतीचं मानक, इंड एएस ४१, मला सगळ्यांत मजेदार वाटतं.

द्राक्षाचा वेल वर्षानुवर्षं फळ देतो, म्हणून तो मशीनसारखा: त्याचा खर्च मालमत्तेत आणि घसारा. मांडवावर लटकणारे घड मात्र वेगळे. ते जैविक मालमत्ता, त्यांची किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने, विकायचा खर्च वजा करून. घड तोडला त्या क्षणाच्या किमतीला तो साठ्यात येतो आणि तिथून पुढे वाइन होईपर्यंत नेहमीचं साठ्याचं मानक. म्हणजे एकाच बागेत ३१ मार्चला तीन मानकं उभी. ऑक्टोबर छाटणी झालेल्या उशिराच्या बागेत मार्चअखेर माल असतो, तो मोजायला कुणीतरी उन्हात बागेत जायला हवं. जमिनीतल्या उन्हाळ कांद्याचंही तसंच, फक्त कांदा एकाच हंगामाचं पीक, त्यामुळे वेलासारखा घसारा नाही. कंपनी कांदा पिकवत असेल तर ३१ मार्चचा लासलगावचा भाव धरायचा, आणि तो भाव दुसऱ्या दिवशी किती असेल हे लासलगावलाही सांगता येत नाही.

जॉबवर्कवाल्यांना काही करावं लागेल का?

बहुतेकांना नाही. पण एखाद्याने फक्त आपल्यासाठी मशीन लावलं असेल, ते दुसऱ्या कुणासाठी चालवता येत नसेल आणि ते कसं, किती चालवायचं हेही आपणच ठरवत असू, तर त्या जॉबवर्कच्या दरात मशीनचं भाडं लपलेलं असू शकतं. असे दोन निघाले. त्यांना भेटायला आम्हीच येऊ.

तुम्ही मागितलेला करार सापडत नाही. काय करू?

आधी जुन्या परचेस मॅनेजरच्या कपाटात बघा, आतापर्यंत पाच तिथेच सापडले. मूळ नसेल तर झेरॉक्स चालेल, ईमेलची प्रिंट चालेल. 'तोंडी ठरलं होतं' हेही चालेल, इंड एएस ११५ ला तोंडी करारही करारच वाटतो. फक्त कुणाशी, कधी आणि काय ठरलं हे एका कागदावर लिहा, खाली सही करा आणि घेऊन या. दुपारी चारनंतर. सकाळी ऑडिटर बसलेले असतात, आणि खुर्च्या दोनच आहेत.